काचेवरचा क्रमांक : राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रसंग्रहाची वाढ

जुन्या छायाचित्रांच्या एखाद्या प्रदर्शनात लाला दीनदयाळ यांचे चित्र पाहण्याचा योग आला, तर दृष्टी साहजिकच राजवाड्याच्या कमानीवर, हत्तीच्या झुलीवर किंवा एखाद्या सरदाराच्या गळ्यातील मोत्यांच्या सरांवर खिळते. त्याच चित्राच्या खालच्या कडेशी पुष्कळदा आणखी काही असते. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बारीक अक्षरांतील एक क्रमांक, आणि त्यालगत स्थळाचे किंवा प्रसंगाचे नाव. हा मजकूर मूळ काचेवरच लिहिलेला असे. त्यामुळे त्या काचेवरून जितक्या प्रती निघत, तितक्या सर्वांवर तो आपोआप उमटे. कागद कोठेही गेला, कोणाच्याही हाती पडला, तरी तो कोणत्या काचेचा हे सांगता येई.

दीनदयाळ यांच्या कलादृष्टीचे कौतुक अनेकांनी केले आहे, आणि ते रास्तच आहे. या क्रमांकाचे कौतुक मात्र फारसे झालेले नाही. आज घरोघरी लग्नाची, यात्रेची, पंचकल्याणक महोत्सवाची हजारो छायाचित्रे निघतात आणि वर्षभराने त्यातील कोणते कोठले, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. एका माणसाची चित्रे उत्तरोत्तर चांगली कशी होत जातात, त्यांचा संग्रह कसा वाढतो आणि त्या संग्रहाला पाहणारे कसे लाभतात, हा प्रश्न छायाचित्रणाचा छंद असलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचे एक भरघोस उत्तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंदूरात सरकारी नोकरी करणाऱ्या एका जैन गृहस्थांनी आपल्या कामातून देऊन ठेवले आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. बेगम समरू हिच्यामुळे इतिहासाला ठाऊक असलेले हे गाव. घराणे जैन, व्यवसाय जवाहिराचा. खड्याचे पाणी उजेडात धरूनच कळते, हे ज्या घरात लहानपणापासून कानी पडते, त्या घरातील मुलाने पुढे उजेडावरच आपला चरितार्थ चालवावा, हा योगायोग मोठा सुखद आहे. मात्र ते पेढीवर बसले नाहीत. रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रुजू झाले. काम होते अंदाजपत्रके तयार करण्याचे आणि नकाशे आखण्याचे. अशा खात्यात काम केलेल्यास ठाऊक असते, की अंदाजपत्रकात एक आकडा चुकला तर पुढची सगळी बेरीज चुकते, आणि नकाशात उभी रेषा कललेली राहिली तर भिंत कललेली उभी राहते. या दोन सवयी त्यांच्या हाडीमांसी खिळल्या. कॅमेरा हाती आला तो त्यानंतर, १८७४ च्या सुमारास. वय तिशीचे होते. संसार, नोकरी, जबाबदाऱ्या सर्व सांभाळून जडलेला हा छंद होता.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय होते, हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण त्याशिवाय पुढील वाढीचे मोल कळणार नाही. काचेची स्वच्छ पट्टी घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे आणि पट्टी चारी बाजूंनी अलगद कलती करून त्याचा सारखा थर बसवायचा. मग अंधाऱ्या तंबूत ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. बाहेर काढली की ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि तशीच धावत तंबूत नेऊन रसायनांनी प्रकट करायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांच्या आत. थर वाळला की चित्र गेले. मध्य हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात तो किती लवकर वाळत असेल, याची कल्पना माळव्यात वैशाख काढलेल्यांना करता येईल. धुळीचा एक कण बसला तरी डाग, पाणी गढूळ असले तरी डाग. चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हतीच. काचेवर कागद ठेवून उन्हात छापायचे, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच. दहा-बारा इंचांच्या अशा काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, तिपाई आणि लाकडी कॅमेरा बैलगाडीवर लादून रानातल्या देवळापर्यंत न्यावयाचा. साहजिकच असा माणसाचा हात ऊठसूट चालत नाही. काच लावण्याआधी तो देवळाभोवती दोनदा फिरतो, सावली कोठे पडते ते पाहतो, कोणत्या घटकेला परत यायचे ते ठरवतो. १८८० च्या आसपास आधीच तयार करून ठेवलेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबूची धावपळ संपली. पण ओल्या काचेने लावलेली शिस्त दीनदयाळ यांच्या चित्रांत शेवटपर्यंत टिकलेली दिसते.

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका येईल, ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळी छायाचित्राची प्रत ज्या कागदावर निघे, त्यावर अंड्यातील पांढऱ्या भागाचा थर दिलेला असे. युरोपात असा कागद बनविणारे कारखाने दिवसाला हजारो अंडी फोडीत. कोरड्या काचांवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेल्या सरसाचा. पुढे सर्वत्र वापरात आलेल्या फिल्मवरही तोच. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत ज्या छायाचित्रांत आपण आपल्या मुनिमहाराजांचे दर्शन घेत आलो, तीही या हिंसेतून सर्वस्वी मुक्त नव्हती. त्या दृष्टीने आजचा मोबाईल किंवा डिजिटल कॅमेरा हे श्रावकाच्या हातातील तुलनेने निर्मळ साधन म्हणावे लागेल. ज्या पिढीला ते मिळाले, तिने त्याचा उपयोग निदान दीनदयाळ यांच्याइतक्या विचाराने करावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

इंदूरच्या त्या दिवसांत दीनदयाळ यांना दोन आधार लाभले. होळकर संस्थानचे महाराज दुसरे तुकोजीराव यांचे उत्तेजन, आणि मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचा स्नेह. डेली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन हे प्राचीन वास्तूंचे चाहते होते. १८८२-८३ मध्ये त्यांच्या बुंदेलखंडाच्या दौऱ्यात दीनदयाळ सोबत गेले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो अशा स्थळांची चित्रे त्यांनी टिपली. त्यातील निवडक चित्रे ग्रिफिन यांच्या मजकुरासह १८८६ मध्ये ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली. हा दौरा त्यांच्या आयुष्यातील वळण ठरला. तोवर त्यांची चित्रे सुटी होती. या दौऱ्याने त्यांना मालिका दिली.

सुटे चित्र आणि मालिका यांतील भेद लहान नाही. सुटे चित्र पाहून माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि पान उलटतो. एकाच प्रदेशातील पन्नास वास्तू एकाच हाताने, एकाच मापाने, एकाच प्रकारच्या उजेडात टिपलेल्या समोर आल्या, की तो थांबतो, मागे जातो, एकीची दुसरीशी तुलना करू लागतो. खजुराहोच्या शिखरांची चढण आणि ग्वाल्हेरच्या तेली मंदिराचे जड छप्पर शेजारी-शेजारी पाहिल्यावर देवळाच्या बांधणीविषयी जे उमगते, ते वर्णनाच्या दहा पानांनी उमगत नाही. पाहणारा परत येतो तो मालिकेसाठी. शिवाय काढणाऱ्यालाही आपले दोष मालिकेतच दिसतात. एका चित्रातील कललेला खांब खपून जातो, पण पाचात तो कलला की मान्य करावे लागते, की आपली तिपाई जमिनीवर नीट बसत नाही.

दीनदयाळ यांच्या वास्तुचित्रांत खांब कलत नाहीत. उंच इमारत टिपताना कॅमेरा वर कलवला की भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात, हा अनुभव मोबाईल वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात त्यावर उपाय होता. कॅमेरा ओळंब्यात ठेवून केवळ भिंगाची पाटी वर सरकवता येई. उपाय सर्वांना उपलब्ध होता, पण तो दर वेळी कंटाळा न करता वापरणे हे नकाशे आखणाऱ्या हाताचे काम. त्यांच्या अनेक चित्रांत देवळाच्या पायरीशी किंवा खांबालगत एखादा माणूस शांतपणे उभा किंवा बसलेला आढळतो. त्याच्यामुळे चित्राला जिवंतपणा येतो हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वास्तूची उंची कळते. अंदाजपत्रकवाल्याने माप दिल्यावाचून नकाशा सोडला नाही, असेच म्हणावे लागेल.

ग्वाल्हेरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. त्या किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाही घाटातील आदिनाथांची खड्गासन मूर्ती तर ५० फुटांहून अधिक उंच आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात या मूर्ती पाहिल्याचे आणि त्या भग्न करण्याची आज्ञा दिल्याचे नमूद केले आहे. घाट अरुंद, मागे सरकायला जागा नाही, मूर्ती आभाळाला भिडलेली. तेथे गेलेले बहुतेक यात्रेकरू मूर्तीच्या पायाशी उभे राहून कॅमेरा वर करतात आणि मग पाय मोठे, मस्तक इवलेसे असे चित्र घेऊन परततात. समोरच्या चढणीवर काही पावले चढून, मूर्तीच्या छातीच्या पातळीच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन, पायाशी एखादा माणूस उभा करून पाहिल्यास फरक तत्काळ कळतो. घाम गाळल्यावाचून चांगले चित्र मिळत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी जितके खरे होते तितकेच आजही आहे.

आता व्यवहाराची बाजू. दीनदयाळ यांची नोकरी कायमची होती आणि ती त्यांनी एका दिवसात सोडून दिली नाही. छंद वाढू लागला, मागणी येऊ लागली, तेव्हा त्यांनी प्रथम दीर्घ रजा घेतली आणि व्यवसायाचे पाणी जोखले. मगच ते सेवेतून निवृत्त झाले. दरम्यान १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशीही त्यांचा संबंध जुळला होता. सिकंदराबादेत त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. खरे तर स्पर्धा सोपी नव्हती. ‘बोर्न अँड शेफर्ड’सारख्या युरोपीय पेढ्यांचा त्या काळी दबदबा होता, आणि साहेबाने हिंदी माणसाच्या दुकानात यावे, तर त्याच्या कामात खोट काढायला जागा राहता कामा नये, अशी परिस्थिती होती. दीनदयाळ यांनी स्वस्त दर लावून गिऱ्हाईक ओढण्याचा मार्ग पत्करला नाही. त्यांनी तोडीचे काम दिले.

ज्याने हिशेबाच्या वह्या पाहिल्या आहेत त्याला या धंद्यातील एक बारकावा लगेच ध्यानात येईल. माणसाचे छायाचित्र एकदा विकले जाते, फार तर त्याच्या आप्तांना चार प्रती जातात. स्थळाचे छायाचित्र मात्र वर्षानुवर्षे विकले जाते. नवा अधिकारी येतो, नवा प्रवासी येतो, प्रत्येकाला खजुराहो आणि वेरूळ हवे असते. म्हणजे काच हे भांडवल आणि तिच्यावरची प्रत हे व्याज. पण मुद्दलाची पावती हरवली तर व्याज कोण देणार? हजारो काचांतून मागितलेली नेमकी काच हाती आली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. कोपऱ्यातील क्रमांकाचे रहस्य येथे आहे. क्रमांक सांगितला की प्रत मिळे. मुलुखाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपल्या मित्राच्या संग्रहात पाहिलेले चित्र क्रमांक लिहून मागवू शके. प्रत्येक प्रत ही पुढच्या मागणीचे पत्रच होती.

आणखी एक पाऊल त्यांनी उचलले, ते त्यांच्या दूरदृष्टीचे गमक आहे. दरबारी आणि घरंदाज स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषासमोर चेहरा उघडा करून बसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची चित्रे निघतच नसत. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी खास स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तेथील व्यवस्था मिसेस केनी-लेव्हिक या बाईंकडे होती आणि आत पुरुषांना मज्जाव होता. गिऱ्हाईक नाही अशी तक्रार करीत न बसता, ते का येत नाही हे शोधून त्याच्या संकोचाप्रमाणे आपली मांडणी बदलणे, हे आजच्या काळातही फार थोड्यांना साधते. एरवी ज्यांचे चेहरे पुढच्या पिढ्यांना कधीच दिसले नसते, अशा कितीतरी आज्या-पणज्या त्या भिंतींआड एका बाईच्या समोर निर्धास्तपणे बसल्या असतील.

मानसन्मान येत गेले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात चित्रे गेली. १८९४ मध्ये निजामांनी ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. १८९६ मध्ये मुंबईची शाखा निघाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला, हेही जाता जाता नोंदवायला हवे. ज्ञानचंद आणि धरमचंद हे पुत्र कामात होते आणि पेढीचे नाव ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ असे झाले.

पण या वैभवाची एक बाजू अशी आहे, की तिच्याशी जैन वाचकाने थबकलेच पाहिजे. दरबारी छायाचित्रकाराला दरबाराबरोबर जावे लागते, आणि दरबार शिकारीला जात असे. निजामांच्या शिकारींची, गतप्राण वाघांच्या रांगांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या संग्रहात आहेत. १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानात लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघाशेजारी उभे असलेले त्यांचे छायाचित्र तर जगभर प्रसिद्ध आहे. श्रावकाला निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत छायाचित्रण अर्थातच नाही. तरीही आपला धर्म हिंसेचा विचार केवळ करण्यापुरता करीत नाही. कृत, कारित आणि अनुमत, अशा तिन्ही अंगांनी करतो. वाघ ज्याने मारला तो दोषी, मारविला तोही दोषी. मग ज्याने त्या विजयाला शोभिवंत चौकट दिली, त्याने अनुमोदन दिले की केवळ नोंद केली?

याचे उत्तर एका वाक्यात देणे कठीण आहे. दरबारी सेवकाला ‘हे चित्र मी काढणार नाही’ असे म्हणण्याची मुभा कितपत होती, याचा विचार केलाच पाहिजे. पण ती ढाल पुढे करून प्रश्न मिटवू नये. उत्तम चित्र काढण्याचे कौशल्य ज्याच्या हाती असते, त्याने ते कशासाठी वापरले हे विचारण्याचा अधिकार समाजाला असतो, आणि स्वतःच्या थोर माणसाला तो प्रश्न विचारणे यात त्याचा अवमान नाही. या चित्रांनी एक काम मात्र त्यांच्या काढणाऱ्याच्या हेतूपलीकडे जाऊन केले. ज्या शौर्याच्या प्रदर्शनासाठी ती काढली गेली, ते शौर्य आजच्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो जमिनीवर पसरलेला वाघ. हिंदुस्थानातील वाघ कोणी आणि कसे संपवले, याचा इतका स्पष्ट पुरावा शब्दांनी दिला नसता.

त्याच पेढीने, त्याच निजामांच्या सांगण्यावरून, दुसऱ्याही एका विषयाची मालिका तयार केली आणि ती मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. औरंगाबाद जिल्हा तेव्हा निजामांच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठे दुष्काळ पडले, तेव्हा तेथे सुरू केलेल्या दुष्काळी कामांची छायाचित्रे या पेढीने घेतली. रस्त्याच्या कामावर आलेल्या माणसांचे जथे त्यांत दिसतात. ती राज्यकर्त्याच्या पुण्यकर्माची जाहिरात म्हणून घेतली गेली हे उघड आहे. तरी चित्र जाहिरातीपुरते थांबत नाही. भिंग समोरच्या माणसाचे हाडाचे सापळे झालेले हातही टिपते आणि डोळ्यांतील थकवाही. मराठवाड्यातील कोणा कुटुंबाचा पूर्वज त्या जथ्यात असेल. त्याचे दुसरे कोणतेही चित्र जगात नसेल.

निजामी मुलुखातच वेरूळ असल्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रेही दीनदयाळ यांच्या कामात आहेत. क्रमांक ३० ते ३४ ही तेथील जैन लेणी. कैलास पाहून थकलेले प्रवासी ती पुष्कळदा टाळतात. चित्र काढू पाहणाऱ्याने उलट प्रथम तेथेच जावे, मात्र सकाळी नव्हे. वेरूळचा कडा पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी लेण्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपार कलली की ऊन आत शिरू लागते. इंद्रसभेच्या, म्हणजे ३२ क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणातील एकाश्म मंदिर आणि हत्ती यांवर तेव्हा तिरपा उजेड येतो आणि कोरीव काम उठून दिसते. एकदा जाऊन हे साधत नाही. तीन ऋतूंत तीनदा गेलेल्या माणसाचा संग्रह आणि एका दिवसात तीन लेण्यांतून धावलेल्याचा संग्रह शेजारी ठेवले, तर कोणता पाहावा हे कोणी सांगावे लागत नाही.

आपल्याकडे गजपंथा, मांगी-तुंगी, कुंथलगिरी, कुंभोज-बाहुबली अशा तीर्थांची चित्रे काढणारे हौशी पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांची चित्रे एकमेकांसारखी असतात, कारण सगळे मुख्य दारासमोर उभे राहूनच काढतात. एखाद्याने एवढेच ठरवले, की आपल्या तालुक्यातील जिनालयांच्या केवळ दरवाजांच्या चौकटी टिपायच्या, किंवा केवळ मानस्तंभ, किंवा जुन्या लाकडी मंडपांचे खांब. प्रत्येकाचे समोरून एक, बाजूने एक आणि एखाद्या माणसासह एक. आणि प्रत्येकाबरोबर गाव, मूळनायकांचे नाव, दिशा, तारीख व वेळ लिहून ठेवायची, तर दोन वर्षांत त्याच्यापाशी असे काही जमेल, की ते पाहायला अभ्यासकही येतील. गर्भगृहात चित्र काढण्यास अनेक ठिकाणी मनाई असते, ती पाळावी. दर महिन्याला चांगली दहाच चित्रे दाखवावीत, उरलेली नव्वद स्वतःपाशी ठेवावीत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने लाकूड आणि दगड काढून चकचकीत फरशी बसविण्याचा उत्साह सध्या इतका आहे, की आज टिपलेली चौकट पुढच्या चातुर्मासापर्यंत जागेवर असेलच, याची खात्री देता येत नाही.

राजा दीनदयाळ १९०५ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यानंतर पेढीचे पहिले वैभव राहिले नाही. दरबारांचे दिवस सरत आले, आणि हलके, स्वस्त कॅमेरे लोकांच्या हाती आल्यावर मोठ्या स्टुडिओंची गरजही घटत गेली. प्रती जगभर विखुरल्या, काही राणीच्या संग्रहात, काही वस्तुसंग्रहालयांत, काही जुन्या बाजारात. काचा मात्र घराण्याकडे राहिल्या. काच टिकते म्हणावी तर टिकते, नाही म्हणावी तर एका हिसक्यात जाते. दमट हवेत तिच्यावरचा जिलेटिनचा थर कडांपासून सुटून वळू लागतो; एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या काचा वरच्यांच्या भाराने तडकतात; चुकून थरावर बोट लागले तर तो ठसा कायमचा. म्हणून संग्रहालयांत त्या प्रत्येकी कागदी वेष्टनात, लांब कडेवर उभ्या ठेवतात.

१९८० मध्ये त्यांच्या छायाचित्रांवर अमेरिकेत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विस्मरणात गेलेले नाव पुन्हा चर्चेत आले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घराण्याकडून २,८५७ काचा विकत घेतल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अभ्यासक आता या काचा आणि जगभरच्या प्रती एकमेकींशी जुळवून पाहतात. एखादी प्रत लंडनला, तिची काच दिल्लीला. स्थळाचे नाव पुसट झालेले, वास्तू कदाचित पडलेली. अशा वेळी कागद उजेडात धरतात आणि खालच्या कडेचा क्रमांक वाचतात.